जुन्या व्हीएमसीचा एक्स अक्ष दुपारपर्यंत सरकतो : स्क्रू तापतो की कपलिंग घसरते?

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबाग भागात आमचे छोटे वर्कशॉप आहे. तिथे फॅनुक ०आय कंट्रोलच्या जुन्या व्हीएमसीवर (संगणक-नियंत्रित उभ्या मिलिंग मशीनवर) आम्ही इथल्याच फौंड्रीतून येणाऱ्या बिडाच्या कास्टिंगमध्ये हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीची बोअर करतो. सकाळी डायल लावून जी-५४ चे झीरो (जॉबचा शून्य बिंदू) घेतले, तरी दुपारपर्यंत बोअरचे केंद्र एक्स दिशेत ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर सरकलेले आढळते. वाय दिशेत मात्र नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. अलार्म येत नाही आणि स्क्रीनवरचा आकडाही बरोबर दिसतो, पण त्यावर विसंबता येत नाही, कारण मोटरचे फिरणे मोजणारा एन्कोडर मोटरच्या मागे बसवलेला आहे आणि टेबलाची प्रत्यक्ष जागा मोजणारी लिनियर स्केल टेबलावर नाही, त्यामुळे मोटरपुढे काय घडते ते कंट्रोलला कळण्याचा मार्गच नाही.

बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) दिवसभर ०.००८ च्या आसपास स्थिर असतो आणि पॅरामीटर १८५१ मध्ये त्याची भरपाई दिलेली आहे. सध्या पहाटे गारठा असतो व दुपारी पत्र्याची शेड तापते, म्हणून पहिला संशय उष्णतेवरच गेला. मात्र रॅपिड (जलद सरकण्याचा वेग) शंभर टक्क्यांवर असताना अधूनमधून एकदम ०.०२ ची उडी दिसते, आणि उष्णतेने वाढणारा स्क्रू अशी उडी मारणार नाही; म्हणून मोटर आणि स्क्रू जोडणारे कपलिंग घसरत असावे, असाही संशय आहे. पाहणीसाठी आलेल्या एका मेकॅनिकने सरळ टेबल सरकवणारा बॉलस्क्रूच बदलण्याचा सल्ला दिला, जो मला घाईचा वाटतो. बेअरिंग ब्लॉक खोलण्यापूर्वी ही दोन कारणे वेगळी करण्याची एखादी खात्रीची चाचणी आहे का?

उत्तर :
स्क्रू बदलण्याची घाई करू नये, हे आपले म्हणणे योग्यच आहे. पोलाद दर अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढते; म्हणजे स्क्रूचे एक टोक जागेवर धरणाऱ्या फिक्स बेअरिंगपासून टेबलाचा नट ५०० मिलिमीटरवर असेल आणि स्क्रू ८ अंशांनी तापला, तर तेवढ्यानेच ४६ मायक्रॉनचा फरक पडतो. आपला आकडा याच्या फार जवळ आहे.

संध्याकाळी सरकलेले अंतर डायलने मोजून ठेवावे, मशीन रात्रभर थंड होऊ द्यावे आणि सकाळी होमिंग करून (अक्ष मशीनच्या मूळ बिंदूवर नेऊन) त्याच बिंदूवर, त्याच दिशेने येऊन पुन्हा मोजावे. स्क्रू थंड झाला की उष्णतेमुळे आलेला फरक आपोआप निघून जातो. कपलिंग घसरले असेल तर मोटरचा मार्कर (एन्कोडरची शून्य खूण) आणि टेबल यांचे नातेच बदललेले असते, त्यामुळे तेवढा फरक होमिंगनंतरही तसाच राहतो. शिवाय कपलिंगच्या हबवर आणि शाफ्टवर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवावी. १० मिलिमीटर पिचच्या स्क्रूवर ०.०२ ची घसरण झाली, तर ४० मिलिमीटर व्यासाच्या हबवर ती रेघ पाव मिलिमीटर तुटलेली दिसेल. भिंग घेतले की पुरे.

प्रश्नकर्त्याकडून :
आभारी आहे. आमच्याकडे दोन्ही कारणे एकत्र निघाली. सकाळपर्यंत बराचसा फरक भरून आला, पण ०.०२ कायम राहिला आणि हबवरची रेघही तुटलेली होती. हबच्या आत तेल गेलेले होते. ते पुसून क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळल्यापासून उडी दिसलेली नाही. उरलेल्या फरकासाठी फिक्स्चर अशा जागी हलवले आहे की बोअर करताना नट फिक्स बेअरिंगजवळ राहील, आणि शिफ्टच्या सुरुवातीला टेबल काही वेळ रिकामेच पुढे-मागे फिरवून घेतो. आता एवढेच विचारायचे आहे की, दुसऱ्या टोकाच्या सपोर्ट बेअरिंगला लॉकनट बसवण्याची सोय असेल, तर अशा जुन्या स्क्रूला ताण देऊन बसवणे कोणी करून पाहिले आहे का, आणि तो ताण डायलवर किती मायक्रॉन ठेवला होता?