मदत हवी आहे: टाइप वन डायबेटिस, शुगर सारखी खाली जाते, ट्रान्सप्लांट होतं का?

मीनल७
भावाला टाइप वन आहे, २१ वर्षं झाली. महिन्यात तीनदा रात्री शुगर खाली गेली आणि त्याला पत्ताच नाही. परवा मी पाणी प्यायला उठले म्हणून दिसलं, उशी घामाने ओली, डोळे उघडे पण हाक मारली तर ओळख नाही, मीटरवर ३१. तोंडात ग्लुकोज घातलं, वीस मिनिटांनी भानावर आला. डॉक्टर म्हणतात डोस नीट घ्या, तो घेतोच हो! स्वादुपिंड बदलता येतं ना? कोणी केलंय का, लवकर सांगा.

सावली
किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन किती? अंगावर लावायचा शुगरचा सेन्सर आहे का? हे आधी लिहा. किडनी गेली असेल तर दोन्ही एकदम बसवतात, नुसतं स्वादुपिंड फार कमी जणांना. आणि शुद्ध नसताना तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. ग्लुकागॉन, म्हणजे शुगर वर आणणारं औषध, घरात ठेवा.

रानवाट
आयलेट ट्रान्सप्लांट बघा! फक्त इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडतात, मोठं ऑपरेशन नाही. २००० साली कॅनडात एडमंटनला सातही जणांचं इन्सुलिन सुटलं होतं.

सावली
आणि बऱ्याच जणांना काही वर्षांत परत सुरू करावं लागलं, तेही सांगा की. एका पेशंटला अनेकदा दोन-दोन दाते लागतात, वर प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या कायम, त्यातली टॅक्रोलिमस तर किडनीलाच त्रास देते.

रानवाट
माझ्या बायकोचं आयलेट झालंय, ती आज थोडं इन्सुलिन घेते, पण चार वर्षांत एकदाही बेशुद्ध पडली नाही. थोड्या पेशी जगल्या तरी तेवढं होतं. मला तेवढंच हवं होतं.

गजानन_क
काकांची शुगर रोज चालून आणि वजन उतरवून नॉर्मल झाली, गोळ्या बंद.

रानवाट
काकांना टाइप टू असणार. इथे इन्सुलिन बनतच नाही, चालून कुठून येणार?

मीनल७
क्रिएटिनिन ०.९. सेन्सर होता, रात्री अलार्मने झोप मोडते म्हणून त्याने दोन महिन्यांपूर्वी काढला.

सावली
ताई, हेच तर राहिलं होतं सांगायचं! किडनी चांगली आहे, तर आधी सेन्सर परत लावा, जमलं तर त्याच्याशी जोडलेला पंप, शुगर उतरायला लागली की तो आपणहून इन्सुलिन थांबवतो. काही आठवडे शुगर खाली जाऊच दिली नाही तर बऱ्याच जणांना घाम, थरथर परत जाणवायला लागते. ट्रान्सप्लांटवालेही पहिल्यांदा हेच विचारतील, एवढं करूनही थांबलं नाही तर जरूर जा.

मीनल७
अलार्म माझ्या फोनवर घेता येतो का? तो झोपू दे, मी उठेन.

रानवाट
बहुतेक सेन्सरच्या ॲपमध्ये शेअर असतं. मी तसंच करायचो. आज रात्रीच लावा.