मदत हवी आहे: ‘-एबल’ लागल्यावर आघात कधी सरकतो?

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी आघातांचे (शब्दाचा कोणता भाग जोर देऊन म्हणायचा याचे) टिपण करत आहे. ‘-शन’, ‘-इक’, ‘-इटी’ या प्रत्ययांची अडचण नाही, आघात प्रत्ययाच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर (एका स्वराभोवती एकत्र उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) पडतो: एक्झॅमिनेशनमध्ये ‘ने’, इलेक्ट्रिकमध्ये ‘लेक’, इलेक्ट्रिसिटीमध्ये ‘ट्रि’. पॉलिटिक्स, कॅथलिक, ॲरिथमेटिक (नाम) हे अपवाद पाठच करून घ्यावे लागतात.

गाडी अडते ती ‘-एबल’वर. रिलाय–रिलायेबल, अडोअर–अडोरेबल यांत क्रियापदाचा आघात जागचा हलत नाही. पण ॲडमायरचे ॲडमिरेबल होताना तो पहिल्या सिलॅबलवर जातो, प्रिफरेबलचेही तसेच. कम्पेरेबलमध्ये पहिल्यावर आणि दुसऱ्यावर, दोन्ही उच्चार चालतात! यामागे शिकवण्याजोगा काही नियम आहे, की यादीच द्यावी?

दुसरे, शब्द तोडायचा कुठे? मेरियम-वेबस्टर या इंग्रजी शब्दकोशाच्या मुख्य शब्दातले ठिपके ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा एवढेच सांगतात, म्हणून ‘अगेन’मध्ये ठिपका नाही, उच्चारात मात्र दोन सिलॅबल. मुले ठिपके मोजतात आणि चुकतात. मी शेजारी दिलेल्या उच्चारातली उभी खूण बघायला सांगते. ती आघाताच्या सिलॅबलच्या आधी असते, नंतर नाही.

शिवाय आपण सगळी सिलॅबल सारख्याच वजनाने म्हणतो. फोटोग्राफरमध्ये ‘टॉग’ उचलले तरी पहिला ‘फो’ पूर्ण राहतो, तो ‘फ’ व्हायला हवा. आधी आघात शिकवावा की आधी हे दुबळे स्वर? वर्गात वापरलेला क्रम कृपया सांगा.