आमदार होते, खासदार झाले: मिशिगनच्या माणसाला हे शब्द चालतील का?

पाचपाखाडी, ठाणे

मी घरी शिकवणी घेते, आठवी-नववीच्या मुलांची. गेल्या आठवड्यात परदेशात नाव काढलेल्या एखाद्या मराठी माणसावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. एका मुलाने अमेरिकेतले राजकारणी श्री ठाणेदार निवडले (श्री हे त्यांचं नावच). आडनावावरून त्याला ते आपल्या ठाण्याचेच वाटले. ते मूळचे चिकोडीचे आणि बेळगावात वाढलेले, हे त्याला आधी सांगावं लागलं. त्याची वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे. त्याने लिहिलंय:

"ते आधी मिशिगन राज्यात विधायक होते. तिथला राजीनामा देऊन ते काँग्रेसमध्ये गेले व त्यांना बढती मिळाली."

घटनाक्रम बराचसा बरोबर आहे. २०२० साली ते मिशिगनच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि २०२२ साली डेट्रॉइटच्या भागातून अमेरिकेच्या संसदेवर. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला शपथ घेतली. पण मी लाल पेनाने चार ठिकाणी गोल केले आणि मग पेन थांबलं, कारण त्या जागी काय लिहायचं ते मलाच पक्कं सांगता येईना.

विधायक हा शब्द हिंदी बातम्यांतून आलाय, एवढं कळलं. आपल्याकडे विधायक काम असतं, विधायक टीका असते. काहीतरी उभं करणारं ते विधायक. माणसाला विधायक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वाचनालय काढणारा कार्यकर्ता येतो, निवडून आलेला माणूस येत नाही. "काँग्रेसमध्ये गेले" ची तर फारच पंचाईत. मी वाक्य मोठ्याने वाचलं तशा आतून सासूबाईंनी विचारलं, "आधी कुठल्या पक्षात होता गं?" अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात खरं, पण मराठी कानाला ते पक्षांतरच ऐकू येणार. ठाणेदार आधीही डेमोक्रॅटिक पक्षाचे आणि नंतरही त्याच पक्षाचे.

मग सरळ आमदार आणि खासदार लिहावं का? हे शब्द आपल्या विधिमंडळाचे आणि आपल्या संसदेचे. परक्या देशाला लावले तर चूक ठरेल का? जाणत्यांनी सांगावं.

ऐरोली, नवी मुंबई

बाई, नमस्कार. मी बातम्यांच्या भाषांतराचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर वरचेवर येतो. माझं उत्तर: बिनदिक्कत आमदार आणि खासदार लिहा. कारण सांगतो.

या दोन शब्दांतून माणूस कुठल्या सभागृहात बसतो ते कळत नाही. कुठल्या पातळीवर बसतो ते कळतं. विधानसभेतला आमदार आणि विधान परिषदेतलाही आमदारच. लोकसभेतला खासदार आणि राज्यसभेतलाही खासदारच. महाराष्ट्रात २८८ अधिक ७८ असे आमदार आणि दिल्लीत आपले ४८ अधिक १९ खासदार. राज्य म्हटलं की आमदार, देश म्हटलं की खासदार. इतक्या कमी अक्षरांत ही विभागणी करणारी जोडी आपल्याकडे तयार आहे.

आता ठाणेदारांचं बघा. लॅन्सिंगला, म्हणजे मिशिगनच्या राजधानीत, ते ज्या सभागृहात होते ते प्रतिनिधिगृह. त्यात ११० जण बसतात. वॉशिंग्टनला गेले तेही प्रतिनिधिगृहच. तिथे ४३५ जण. शब्दशः भाषांतर केलं तर वाक्य होतं: "प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते, नंतर प्रतिनिधिगृहाचे सदस्य झाले." मी एकदा असं वाक्य छापायला जवळजवळ सोडलं होतं, मुद्रितशोधकाने अडवलं म्हणून वाचलो. "मिशिगनचे आमदार होते, अमेरिकेचे खासदार झाले" म्हटलं की वाचकाला काही विचारावं लागत नाही.

परक्या देशाचं म्हणाल, तर आपण ब्रिटनच्या खासदारांना खासदार म्हणतोच. कोणी हरकत घेत नाही. अडचण फक्त काँग्रेस या शब्दाची आहे. तिथे मी "अमेरिकेची संसद" किंवा "अमेरिकी काँग्रेस" असं पूर्ण लिहितो. नुसतं काँग्रेस कधीच नाही.

कोपरी, ठाणे

आमदार-खासदार ठीक. पण शब्दांच्या पोटात एक गोष्ट आहे ती मुलांना सांगा. आम म्हणजे सर्वांचं, खास म्हणजे निवडक. मोगलांच्या दरबारातले दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास मुलांना इतिहासात भेटतातच. दार हा फारसी प्रत्यय, धारण करणारा अशा अर्थाचा. जमीनदार, तहसीलदार, किल्लेदार आणि तुमच्या मुलाचे ठाणेदारही त्याच घरातले. म्हणून आमदार खालचा आणि खासदार वरचा असं कानाला वाटत राहतं. बढती हा शब्द त्या मुलाला तिथूनच सुचला असावा.

बढती नोकरीत असते आणि ती वरचा साहेब देतो. इथे साहेब कोण? ऐरोलीचा मतदार आमदारासाठी मत देतो आणि ठाण्याच्या खासदारासाठीही तोच देतो. ठाणे लोकसभेत मिरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. तीच माणसं दोघांनाही पाठवतात. आणि वाट प्रत्येकाची एकसारखी नसते. राजन विचारे महापौर झाले, २००९ मध्ये आमदार आणि २०१४ मध्ये खासदार. नरेश म्हस्के महापौरपदानंतर आमदार न होताच २०२४ मध्ये खासदार झाले. ठाणेदारांनी तर २०१८ मध्ये आधी गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, ती मिळाली नाही आणि मग ते आमदार झाले. याला बढतीचा जिना कसा म्हणायचा?

मी जुना ठाणेकर आहे, म्हणून दोन नावं सांगितल्याशिवाय राहवत नाही. रामभाऊ म्हाळगी १९५७ मध्ये मावळातून विधानसभेवर गेले आणि १९७७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर. राम कापसे कल्याणचे आमदार होते, १९८९ मध्ये ठाण्याचे खासदार झाले. ते मराठीचे प्राध्यापक. आमच्या घरी त्या वेळी "कापसे सरांना बढती मिळाली" असं कोणी म्हटलं नाही. "सरांना दिल्लीला पाठवलं" असं म्हणायचे. पाठवलं, म्हणजे पाठवणारे आपण.

कळवा

महसूल खात्यात होतो, आता निवृत्त आहे. राजीनामा या शब्दावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

राजी अधिक नामा, म्हणजे राजीखुशीने लिहून दिलेला कागद. हिंदीत राजीनामा म्हणजे आजही समझोत्याचा कागद आणि पद सोडण्याला ते इस्तीफा म्हणतात. मराठीत तो पद सोडण्याचा कागद कसा झाला? मला त्याचं उत्तर आमच्या दप्तरात दिसतं. जुन्या रयतवारीत, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा त्या पद्धतीत, खातेदाराला जमीन सोडायची असली की तो सरकारात राजीनामा द्यायचा आणि जो ती घेणार तो कबुलायत लिहून द्यायचा. एकाने राजीनामा द्यायचा, दुसऱ्याने कबुलायत. असे कागद मी हाताळलेत. कडा झिजलेल्या, मोडी मजकूर, खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी. जमीन सोडायचा शब्द खुर्ची सोडायलाही लागू झाला, असं मी समजतो.

आपल्याकडे आमदार खासदार झाला की हा कागद द्यावाच लागतो. दोन्हीकडे एकदम बसता येत नाही. निवड राजपत्रात जाहीर झाल्यापासून १४ दिवसांत विधिमंडळातली जागा सोडायची. नाही सोडली तर संसदेतलीच जागा रिकामी होते. हे पुष्कळांना उलटं वाटतं, पण १९५० चा नियम तसाच आहे. मग सुटलेल्या जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक. पोटखराबा, पोटहिस्सा, पोटकलम यांतलंच हे पोट, मोठ्याच्या आतलं लहान. हिंदीतल्या उपचुनावापेक्षा मला आपला शब्द जास्त जवळचा वाटतो. मात्र मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर पोटनिवडणूक घेत नाहीत. २०१४ मध्ये विचारे दिल्लीला गेले तेव्हा विधानसभेची मुदत त्याच वर्षी संपत होती.

म्हणून तुमच्या विद्यार्थ्याने ठाणेदारांना राजीनामा द्यायला लावलाय तो काढा. मिशिगनच्या त्या सभागृहाची मुदत दोन वर्षांची. ती जागा त्यांनी पुन्हा लढवली नाही, मुदत भरली आणि ते वॉशिंग्टनला गेले. कागद द्यायचा प्रश्नच आला नाही.

ऐरोली, नवी मुंबई

काकांचा राजीनामा वाचून समाधान झालं. एक बारीक गोष्ट बाईंसाठी. "लोकसभेवर निवडून आले" आणि "निवडून गेले" दोन्ही चालतं, पण गेले म्हटलं की बोलणारा घरी आहे आणि माणूस घरून निघालाय. म्हाळगी आणि कापसे यांना ठाणेकराने "गेले" म्हणणं शोभतं. ठाणेदारांना डेट्रॉइटच्या मतदारांनी पाठवलं, म्हणून तिथे मी "आले" लिहीन.

पाचपाखाडी, ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी त्याला शेजारी बसवून वाक्य नव्याने लिहून घेतलं. काका, राजीनामा आणि कबुलायतीची गोष्ट सगळ्या मुलांना सांगितली, दोघींनी वहीत उतरवून घेतली. खासदारावर मात्र तो अडला. "बाई, अमेरिकेत खासदार म्हणतात का?" मी म्हटलं, अमेरिकेत म्हणत नाहीत, आपण मराठीत म्हणतो आणि तू मराठीत लिहितो आहेस. आता वहीत असं आहे:

"श्री ठाणेदार आधी मिशिगन राज्याचे आमदार होते. तिथली मुदत संपल्यावर ते अमेरिकेचे खासदार झाले. डेट्रॉइटच्या लोकांनी त्यांना वॉशिंग्टनला पाठवले."

तिसरं वाक्य मी सांगितलेलं नाही, ते त्याचं स्वतःचं आहे.