अळंबीची प्रजाती डोळ्यांनी ठरवायची की डीएनएने?

रानवाट (वाळपई)
परवाच्या निसर्गफेरीत एका अभ्यासकांनी सांगितलं की बुरशीची प्रजाती आता डीएनएवरूनच ठरते, टोपी आणि देठ पाहून नाव सांगायचे दिवस गेले. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून धागा काढतोय.

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात रोयण अळमी, खूट अळमी, शिती अळमी (अळमी म्हणजे अळंबी) बायका टोपलीतच वेगळ्या ठेवतात. रोयणीतली, म्हणजे वाळवीच्या वारुळातली, अळमी हळूच मोकळी करत खाली गेलात तर देठ बारीक होत होत मुळासारखा थेट वाळवीने जोपासलेल्या बुरशीपर्यंत पोचतो. टोपीच्या मधोमध टणक टोक असतं, त्यानेच ती माती फोडून वर येते. टोपी रात्रभर कागदावर ठेवा, सकाळी बीजाणूंचा गुलाबीसर ठसा मिळतो. बुरशी-अभ्यासक रॉजेर हाइम यांनी 1942 साली वाळवीसोबत वाढणाऱ्या या अळंब्यांचा टर्मिटोमायसिस हा अनेक प्रजातींचा गट मांडला तेव्हा जनुकं वाचायची सोय कुठे होती? त्याच्याही शंभरेक वर्षं आधी एलियस फ्रीस या अभ्यासकांनी बीजाणूंच्या रंगावरून अळंब्यांची वर्गवारी लावली, ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. रानात उभं राहून जी ओळखताच येत नाही, तिला वेगळी प्रजाती म्हणून उपयोग काय?

सूक्ष्मदर्शी (ताळगाव)
दादा, तुम्ही दिलेल्या खुणांवरून टर्मिटोमायसिस आहे एवढंच कळतं. त्यातली कुठली प्रजाती, ते नाही. एकाच रोयणीवर पाऊस कमी-जास्त झाला की टोपीचा आकार आणि रंग बदलतो. मग कुठल्या टोपीला खरी मानायची?

दुसरा मार्ग संकराचा. ज्यांची जोडी जमते ती एक प्रजाती, ही व्याख्या प्राण्यांना बरी. बुरशीत कित्येकींची लैंगिक अवस्थाच कुणी पाहिलेली नाही. उलट शायझोफायलम कम्यून या एकाच प्रजातीत 23,000 हून अधिक संयोग-प्रकार (नर-मादीसारखे जोडीचे प्रकार) आहेत. म्हणून बुरशी-अभ्यासक जॉन टेलर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली वेगळी कसोटी मांडली: एकाच जनुकावर विसंबायचं नाही, अनेक जनुकांचे वंशवृक्ष काढायचे. ते सगळे एकाच जागी फाटा दाखवत असतील, तर तिथे प्रजातीची सीमा. यात कुणाच्या नजरेचा प्रश्नच येत नाही.

रानवाट
ताई, अनेक जनुकं वाचणार असाल तर माझी हरकत अर्धी संपली. पण होतं काय? एक वाळलेला तुकडा, त्याच्या डीएनएचा आयटीएस नावाचा एकच भाग, ओळखीच्या प्रजातीशी साम्य 97 टक्क्यांखाली आलं की झाली नवी प्रजाती! आयटीएसला 2012 साली बुरशीचा बारकोड (ओळख पटवणारा डीएनए-तुकडा) म्हणून मान्यता मिळाली, मान्य. पण पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस, फ्युजेरियम या बुरश्यांच्या गटांत जवळच्या प्रजाती त्याने सुटत नाहीत, हे तुमचेच लोक सांगतात. नुसत्या डीएनए-क्रमाला प्रकार-नमुना (प्रजातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो मूळ नमुना) मानावं हा प्रस्ताव 2018 साली पोर्तो रिकोच्या जागतिक बुरशी-परिषदेत संमत झाला नाही, ते योग्यच झालं. हातात घेऊन पुन्हा तपासता येईल असा नमुना हवाच.

फोंडेकर डॉक्टर
वैद्यकाच्या बाजूने बोलतो. माणसाच्या मेंदूला सूज आणणाऱ्या क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या दोन प्रजाती आम्ही शिकलो. 2015 साली त्यांच्या सात करायची सूचना आली. त्यावर बऱ्याच जाणकारांनी आक्षेप घेतला की अजून पुरेसा आधार नाही, तोवर त्यांना प्रजाती-समूह म्हणा. मला तो आक्षेप रास्त वाटतो. उपचार बदलत नसतील तर नावं वाढवून रुग्णाचं काय भलं होणार?

कँडिडा ऑरिस या रोगकारक बुरशीचं मात्र उलटं. 2009 साली तिचं वर्णन झालं. नेहमीच्या चाचण्या तिला भलत्याच कँडिडाच्या नावाने दाखवत राहिल्या, आणि तिच्यावर फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध बहुधा चालतच नाही. तिथे अचूक नाव म्हणजे रुग्णाचा जीव.

सूक्ष्मदर्शी
डॉक्टर, प्रजाती आपल्या सोयीसाठी जन्माला येत नाहीत. आज उपचार तोच आहे म्हणून दोन वंश एक होत नाहीत. फ्लेमिंग यांना 1928 साली जिच्यात पेनिसिलिन सापडलं त्या पेनिसिलियम बुरशीला आधी रुब्रम, मग नोटाटम, पुढे क्रायसोजेनम म्हटलं गेलं. 2011 साली जनुकं तपासल्यावर ती रुबेन्स निघाली. औषध त्याआधीही काम करतच होतं. म्हणून चुकीचं नाव तसंच ठेवायचं होतं का?

डिचोलीची बाय
वाद चालू द्या, पण नवख्यांनी फोटो बघून रानातली अळमी खाऊ नये. हिरवळीवर उगवणारी पांढरी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस कोवळेपणी खाण्यासारखीच दिसते, आणि खाल्ली की उलट्या-जुलाब. तिचा ठसा हिरवट येतो. ही खूण आजी-आजोबांना शिकवता येते, जनुकं नाही. माझं मत रानवाटदादांच्या बाजूला.

रानवाट
धन्यवाद बाय. माझी मागणी एवढीच, गोव्यातल्या प्रत्येक नमुन्याबरोबर बीजाणूंचा ठसा, मुळासकट देठ आणि खालची वाळवी जपा. वाळवी कुठली ते कळलं तर निम्मी ओळख तिथेच पटेल.

सूक्ष्मदर्शी
वाळवी जरूर जपू, पण तिच्यावरून ओळख पटणार नाही. टर्मिटोमायसिसची एकच प्रजाती वेगवेगळ्या वाळव्यांकडे सापडते आणि एकाच जातीच्या वाळवीकडे वेगवेगळ्या बुरश्या असतात. बुरशी जोपासणाऱ्या बहुतेक वाळव्यांच्या नव्या वसाहतीला बुरशी आईकडून मिळत नाही, बाहेर पडलेल्या बीजाणूंतून ती उचलावी लागते. त्यामुळे जोड्या बदलत राहतात. वाळवी, ठसा, देठ सगळं पाकिटात ठेवा, फक्त नाव लिहायची जागा जनुकं वाचून होईपर्यंत कोरी असू द्या.