नदीत सापडलेली नाणी धुवायला फिरता ड्रम: वायपर मोटर चालेल का?

प्रश्न – वर्धाकाठ

उन्हाळ्यात नदी उतरली की पुलाखालच्या डोहात नाणी सापडतात. सध्या दोनेक किलो जमा आहेत. स्टीलचे १ आणि २ रुपये, पिवळे ५, थोडी १० ची, शिवाय अ‍ॅल्युमिनियमचे जुने १० आणि २० पैसे. सगळ्यांवर काळ्या मातीचा आणि चुनखडीचा थर आहे, एकेक घासत बसणं परवडत नाही. हाताशी ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, भंगारातली वायपर मोटर आणि फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएच बॅटरी आहे. दोन रोलरवर ड्रम ठेवून एक रोलर मोटरने फिरवावा म्हणतो. फेऱ्या किती हव्यात, आत भरायचं काय?

उत्तर – रिवाइंडिंगवाला

भाऊ, सामान बरोबर आहे, जोडणी चुकते आहे. वायपर मोटर कमी वेगावर मिनिटाला ४०-५० फेरे देते. रोलर समजा १६ मिमीचा आणि ड्रम ११० चा, म्हणजे ड्रमचा वेग जवळपास सातपट कमी होणार. सहा-सात फेऱ्यांत आतला माल नुसता घसरत राहील, घासणार नाही. ड्रमला ४०-५० फेरेच हवेत, तेव्हा मोटर सरळ ड्रमलाच लावा. उलट १३० च्या आसपास गेलात तर माल भिंतीला चिकटून ड्रमसोबतच गरगरेल.

पाइप २० सेंमी कापा. मागच्या बाजूला एंड कॅप सॉल्व्हेंट सिमेंटने पक्की करा आणि रात्रभर सुकू द्या. पुढच्या बाजूला आट्यांचं झाकण, आत सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती वायसर म्हणून. मागच्या कॅपला भोक पाडू नका, तिथूनच गळतं. २५×३ मिमीची लोखंडी पट्टी यू आकारात वाकवा, तिच्या मधोमध मोटरच्या दांड्याचा नट कसा आणि दोन्ही पाय कॅपवर ठेवून पाइपाच्या मोठ्या क्लिपने आवळा. पुढचं तोंड दोन लहान चाकांवर टेकवा, जुन्या बॅगची चाकं चालतात. मोटर फळीवर बसवताना बोल्टखाली रबर द्या. ड्रम थोडा तिरका फिरतोच, रबर नसेल तर मोटरच्या गिअरवर ताण येतो.

आत १० मिमी उंचीच्या पीव्हीसीच्या तीन पट्ट्या लांबीने चिकटवा. त्या नसतील तर नाणी एकमेकांना आणि भिंतीला चिकटून बसतात, अर्धी तशीच मळकी निघतात.

वायरिंगमध्ये कमी वेगाची वायर वापरा, वायपर जागेवर आणणारी पार्किंगची वायर टेप लावून मोकळी सोडा. ७.५ अँपिअरचा फ्यूज घाला. मोटर साधारण २-३ अँपिअर ओढते, म्हणून ही बॅटरी दीड तासापेक्षा जास्त ताणू नका. फवारणीच्या दिवसात ती निकामी झाली तं नाणी धुणं महागात पडेल!

उत्तर – रेतीचाळ

आत गोल खडेच घाला. नदीची रेती ६ मिमीच्या चाळणीतून गाळून ३ मिमीच्या चाळणीवर जे राहतं, ते घ्या. क्रशरची चुरी घेऊ नका, तिच्या धारदार कडांनी नाण्यांवर ओरखडे पडतात. एका खेपेला खडे १ किलो, नाणी २५० ग्रॅम, वर बोटभर पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब. ड्रम अर्ध्यापेक्षा जास्त भरला की माल उलटायला जागाच राहत नाही.

आधी नाणी वेगळी करा, खरं काम इथंच आहे. १० ची दोन धातूंची आधीच बाजूला काढा. मग चुंबकाला चिकटतं ते स्टील. बाकीच्यांपैकी पिवळी एकीकडे, हलकी अ‍ॅल्युमिनियमची दुसरीकडे. पिवळ्या ५ मध्ये तांबं आहे, १० च्या बाहेरच्या कड्यातही. आंबट पाण्यात ती स्टीलसोबत फिरवली तर तांबं उतरून स्टीलवर बसतं आणि नाणी गुलाबी निघतात. नंतर ते काढायचं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

स्टीलला नुसतं लिक्विड, ४५ मिनिटं. पिवळ्यांना २ चमचे व्हिनेगर आणि पाव चमचा मीठ, पण २० मिनिटांनी उघडून पाहा. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर जस्त निघून नाणं तांबूस पडतं. अ‍ॅल्युमिनियमला आंबट नको आणि धुण्याचा सोडा तर अजिबात नको, त्यानं ती काळी पडतात आणि वायू सुटतो. त्यांना साध्या पाण्यात १०-१५ मिनिटं पुरे.

चुनखडीचं काय करायचं तेही ऐका. व्हिनेगर लागलं की ती फसफसते. झाकण घट्ट असेल तर दाब वाढून कॅप उडू शकते. म्हणून पहिली खेप साध्या पाण्याची करा, थर निघाला की मगच आंबट. तरी दर ५ मिनिटांनी झाकण सैल करून हवा सोडाच.

वर्धाकाठ

व्हिनेगरऐवजी चिंच चालेल? आणि एकदोन तांब्याची जाड नाणी आहेत, अक्षरं ओळखू येत नाहीत.

उत्तर – रेतीचाळ

चिंच चालते. लिंबाएवढी भिजवून कोळ कापडातून गाळा, रेषा आत राहिल्या तर खड्यांत अडकतात. शेवटी लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून नाणी त्यात बुडवा, मग सुती कापडावर कोरडी करा. पिवळ्या नाण्यांच्या खेपेचं हिरवट पाणी गुरांच्या हौदाजवळ ओतू नका.

उत्तर – जुनीखूण

ती जाड नाणी ड्रममध्ये घालू नका! वरचा हिरवा-तपकिरी थर गेला की नाण्याची अक्षरं आणि किंमत दोन्ही जातात. साध्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रश फिरवा, तेवढंच. आपल्याकडं विदर्भात पवनी, पौनार, अडम इथं उत्खननात प्राचीन नाणी निघाली आहेत. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्यात १९३९ मध्ये सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा साठा सापडला होता. पोटीन हे तांबं, कथील, शिसं यांचं मिश्रण. जमिनीत राहून ते ठिसूळ होतं, खड्यांच्या माऱ्यात तुकडे पडतील. एकत्र पुरलेला जुना साठा लागला आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

चालू नाण्यांचं सांगायचं तर २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, ती हौस म्हणून ठेवा. ५० पैसे अजून चालतात, पण एका देण्यात १० रुपयांपर्यंतच. रुपया आणि त्यावरची नाणी १००० रुपयांपर्यंत.