शब्दचर्चा: हत्तीनच्या लढाईला 'धर्मयुद्ध' म्हणावे का?

मूळ प्रश्न

एका दिवाळी अंकासाठी जेरुसलेमच्या राज्यात झालेल्या हत्तीनच्या लढाईवर (४ जुलै ११८७) लेख लिहिते आहे. एका बाजूला सुलतान सलाहुद्दीन, म्हणजे युरोपीय लेखनातला सलादिन, आणि दुसऱ्या बाजूला जेरुसलेमचा राजा गी. तीन ठिकाणी अडले आहे. 'धर्मयुद्ध' वापरावे का? दोन्ही फौजांना 'ख्रिस्ती' आणि 'मुसलमान' एवढेच म्हणून भागेल का? आणि नाइटला, म्हणजे युरोपातल्या चिलखती घोडेस्वार योद्ध्याला, 'सरदार' म्हणता येईल का? शाळेत 'धर्मयुद्धे' असेच शिकलो, पण आता लिहिताना तो शब्द बोचतो आहे.

प्रतिसाद

बोचतो हे योग्यच आहे. आपल्या परंपरेत 'धर्मयुद्ध' म्हणजे नियम पाळून लढलेले युद्ध. कोणत्या धर्मासाठी लढले, हे त्या शब्दात नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कूट शस्त्रांनी मारू नये, हात जोडलेल्याला, निःशस्त्राला मारू नये असे नियम आहेत. ते पाळले तर धर्मयुद्ध, मोडले तर कूटयुद्ध. गीतेतले 'धर्म्य युद्ध'ही क्षत्रियाच्या धर्माला धरून असलेले युद्ध आहे, दोन पंथांची झुंज नव्हे.

हे माप हत्तीनला लावून बघा. सलाहुद्दीनने टायबेरियस शहराला वेढा घातला तो फ्रँकांना, म्हणजे राजा गीच्या पश्चिम युरोपीय वंशाच्या लोकांना, सफूरियाच्या झऱ्यांजवळच्या तळावरून बाहेर ओढण्यासाठी. त्रिपोलीचा काउंट रेमंड याची बायको त्याच शहराच्या किल्ल्यात अडकलेली होती, तरीही रेमंडच सांगत होता की जागचे हलू नका. रात्रीतून राजाचे मन फिरले आणि ३ जुलैला फौज ऐन उन्हाळ्यात कोरड्या पठारावर निघाली. पाण्याच्या वाटा अडवल्या गेल्या, वाळलेले गवत पेटवले गेले, धूर तहानलेल्या माणसांच्या तोंडावर आला. लढाईनंतर टेंपलर आणि हॉस्पिटलर या लढवय्या ख्रिस्ती पंथांच्या सुमारे दोनशे कैद्यांना मारण्यात आले. आपल्या जुन्या अर्थाने याला धर्मयुद्ध म्हणता येणार नाही.

तेव्हाचे लोक तरी काय म्हणत? जेरुसलेमसाठी युरोपातून झालेल्या स्वाऱ्यांना 'क्रूसेड' हे नाव नंतर रुळले. बाराव्या शतकातल्या लॅटिन लेखनात यात्रेचा शब्द वारंवार येतो, आणि जाणाऱ्याला 'क्रूसाची खूण ल्यालेला' म्हणत, कारण तो अंगरख्यावर कापडी क्रूस शिवून घेई. अरबीत आज रूढ असलेला 'सलीबी युद्धे' हा शब्दप्रयोग तर एकोणिसाव्या शतकातला आहे. म्हणून माझे मत: या स्वाऱ्यांच्या मालिकेचे नाव म्हणून 'क्रूसेड' ठेवा, आणि हत्तीनला नुसते 'लढाई' म्हणा. 'युद्ध'ही नको, कारण युद्ध वर्षानुवर्षे चालले, हत्तीनचा खेळ दोन दिवसांत आटोपला.

प्रतिसाद

'ख्रिस्ती' आणि 'मुसलमान' या जोडीबद्दल माझी मोठी हरकत आहे. अरब इतिहासकार समोरच्या फौजेला 'इफ्रंज' म्हणतात, म्हणजे फ्रँक. स्थानिक ख्रिस्ती लोकांना ते 'नसारा' म्हणतात आणि बायझंटाइन लोकांना 'रूम'. तीन वेगळे शब्द, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळे समाज होते. सीरियन, आर्मेनियन, कॉप्ट ख्रिस्ती त्या प्रदेशात शतकानुशतके राहत होते. लेखात सरसकट 'ख्रिस्ती फौज' आले की हे सगळे लोक नकाशावरून पुसले जातात.

दुसऱ्या बाजूचेही तेच. सलाहुद्दीन कुर्द होता. हत्तीनच्या आधीची कितीतरी वर्षे त्याने मुसलमान राज्यकर्त्यांशीच लढण्यात घालवली. अलेप्पो ११८३ मध्ये हाती आले आणि मोसुलशी तह ११८६ मध्ये झाला. इकडे रेमंडने त्याच सलाहुद्दीनशी समझोता केला होता आणि त्याच्या तुकडीला आपल्या मुलखातून जाऊ दिले होते. त्यातूनच १ मे ११८७ ला त्या तुकडीची फ्रँकांशी क्रेसनची चकमक झाली.

आता मुद्द्याचे. 'इफ्रंज', 'फरंज' हे अरबी शब्द फारसीत 'फरंग' झाले आणि तिथून आपल्याकडे 'फिरंगी' आला. हत्तीनच्या रणात जो शब्द सलाहुद्दीनच्या शिपायांच्या तोंडी होता, त्याचाच वंशज मराठी कागदपत्रांत आहे. मराठेशाहीतल्या आज्ञापत्र या राजनीतीच्या ग्रंथात फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस अशी टोपीकरांची, म्हणजे युरोपीयांची, यादी येते. तिथे फिरंगी म्हणजे पोर्तुगीज आणि फरासीस म्हणजे फ्रेंच. मूळ फ्रँकांच्या देशातले लोक वेगळ्या नावाने आले आणि त्यांचे जुने नाव पोर्तुगिजांना चिकटले! वसईकडचा मुलूख 'फिरंगाण', युरोपीय पात्याची सरळ तलवार 'फिरंग', आणि भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'फिरंग रोग'. इतका मुरलेला शब्द आपल्याकडे असताना 'ख्रिस्ती फौज' लिहिणे मला पटत नाही.

प्रतिसाद (प्रश्नकर्ती)

मग सरळ 'फिरंगी' लिहू का? वसई-गोव्याकडच्या वाचकाला पोर्तुगीजच आठवतील ना?

प्रतिसाद

आठवतीलच, आणि म्हणून पहिल्या उल्लेखात 'फ्रँक, म्हणजे अरबांचे फिरंगी' असे एकदा लिहा. पुढे निवेदनात 'फ्रँक' ठेवा, आणि अरबांच्या बाजूने बोलताना 'फिरंगी'. आज त्या शब्दाला थोडा हिणवणारा वास आहे, तोही अशाने सौम्य होतो.

नाइटसाठी 'सरदार' नको. सरदाराच्या हाताखाली पथक असते, प्रत्येक नाइटच्या नसे. आपला 'शिलेदार' जास्त जवळचा, कारण तो स्वतःच्या घोड्यानिशी आणि हत्यारांनिशी चाकरीला येई. सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. मात्र टेंपलर आणि हॉस्पिटलर हे व्रतस्थ होते, त्यांचा घोडा पंथाच्या मालकीचा. त्यांना शिलेदार म्हणणे चूक होईल, तिथे 'टेंपलर' हेच नाव राहू द्या. एकूण फौजेत नाइट सुमारे बाराशे मानले जातात, बाकी पायदळ आणि हलके घोडेस्वार. 'नाइटांची फौज' असे लिहू नका.

प्रतिसाद

एक शब्द कुणी काढला नाही: 'अमान', म्हणजे अभयाचे वचन. लढाई संपल्यावर राजा गी आणि त्याचा एक मातब्बर सरंजामदार, केराकचा रेनाल्ड, यांना सुलतानाच्या तंबूत आणले. सुलतानाने राजाला थंडगार पेय दिले, राजाने ते प्यायल्यावर रेनाल्डकडे दिले. तेव्हा सुलतानाने स्पष्ट केले की याला मी पाजलेले नाही. कारण यजमानाने स्वतः खाऊ-पिऊ घातलेल्या कैद्याला अभय मिळते अशी रीत होती. रेनाल्डने तहाचा काळ असताना काफिला लुटला होता. सुलतानाने स्वतः त्याच्यावर तलवार चालवली, राजाला मात्र जीवदान दिले. 'अमान'ला 'क्षमा' म्हटले तर हा प्रसंग वाचकाला कळणारच नाही. क्षमा मनातून येते, अमान हे बांधून घेणारे वचन आहे. मराठीत यासाठी 'कौल' आहे, तोही मुळात अरबी. कौल देऊन किल्ला खाली करून घेणे हे बखरी वाचणाऱ्याला नवे नाही. २ ऑक्टोबर ११८७ ला जेरुसलेम असेच कौलावर सुलतानाच्या ताब्यात आले. पुरुषामागे दहा दिनार आणि बाईमागे पाच दिनार भरून लोकांना बाहेर पडता आले. या रकमेला 'खंडणी' म्हणू नका, आजच्या वाचकाला गुंडच दिसेल. 'सुटकेची रक्कम' पुरे.

प्रतिसाद

जागेच्या नावाबद्दल: 'कुरून हत्तीन' म्हणजे हत्तीनची शिंगे, विझलेल्या ज्वालामुखीची दोन टोके. संस्कृतात 'शृंग' म्हणजे शिंगही आणि शिखरही, त्यामुळे 'हत्तीनची शृंगे' लिहिले तर दोन्ही अर्थ राहतात. आणि फ्रँकांनी रणात आणलेला, सुलतानाच्या हाती पडलेला, येशूच्या क्रूसाचा मानला जाणारा तो पवित्र लाकडाचा अवशेष 'क्रूस' म्हणूनच लिहा. मराठी बायबलमध्ये 'वधस्तंभ' आहे, पण आपल्या ख्रिस्ती घरांत क्रूसच म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगिजांकडूनच आला आहे.

प्रतिसाद (प्रश्नकर्ती)

शेवटचे एक. 'निर्णायक लढाई' म्हणू ना?

प्रतिसाद

जेरुसलेमपुरते नक्की म्हणा. गीने किल्ल्यांतली शिबंदी काढून रणात आणली होती, म्हणून ती फौज बुडताच किल्ले एकामागून एक पडले, आक्र हे बंदर तर आठवड्याच्या आत. पण टायर हे बंदर तगले, आक्र ११९१ मध्ये फ्रँकांनी परत घेतले आणि १२९१ पर्यंत राखले. 'कशासाठी निर्णायक' ते त्याच वाक्यात लिहा.