स्क्रिप्टने आवृत्ती पाहून वाट बदलावी का?

धागाकर्ता:
यूटिल-लिनक्स या लिनक्सच्या मूलभूत साधनसंचाच्या २.२६ या आवृत्तीत (२०१५) एसएफडिस्क हे डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडणारे साधन नव्याने लिहिले गेले. जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलची (डिस्कवरील भागांच्या नोंदीची) सोय आली, पण सिलिंडर या जुन्या एककातला हिशेब संपला, आकार मेगाबाइटमध्ये देण्याचा ‘-यूएम’ हा पर्याय गेला आणि पार्टिशन टेबल पुन्हा वाचायला लावणारा ‘-आर’ही गेला. जुनी-नवी दोन्ही यंत्रे सांभाळणाऱ्या स्क्रिप्टने आधी आवृत्ती विचारावी आणि त्यानुसार वेगळी आज्ञा द्यावी, असे माझे मत आहे. ‘करून पाहू, नाही जमले तर दुसरे’ ही रीत डिस्कवर लिहिणाऱ्या साधनाला शोभत नाही.

प्रतिसाद १:
असहमत. मेगाबाइटचा पर्याय नवे एसएफडिस्क निदान तोंडावर नाकारते. खरा घोळ गुपचूप बदलणाऱ्या डीफॉल्टचा असतो. ई२एफएसप्रॉग्ज या साधनसंचाच्या १.४७.० (२०२३) मध्ये एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमसाठी ‘ऑर्फन फाइल’ हे फीचर आपोआप चालू झाले. फॉरमॅट करताना कसलीही तक्रार येत नाही, आणि पुढे कधीतरी तीच डिस्क जुन्या यंत्राला जोडली की तिथले ई२एफएसके हे तपासणीचे साधन या फीचरला नुसते ‘फीचर_सी१२’ म्हणते, ते ओळखत नाही म्हणून तपासणीच नाकारते आणि नवी आवृत्ती आणायला सांगते. त्यात डेबियन १२ या लिनक्स वितरणात हीच १.४७.० असूनही हे फीचर डीफॉल्टमधून काढलेले आहे. मग आवृत्ती विचारून आपल्याला नेमके काय कळले?

धागाकर्ता:
ते फीचर नको, असे आज्ञेतच लिहावे म्हणाल, तर ई२एफएसप्रॉग्जच्या १.४६ या आवृत्तीला तसे सांगून पाहा. ज्याचे नावच ठाऊक नाही ते वगळणे तिला जमत नाही आणि ती संपूर्ण आज्ञाच फेटाळते. म्हणजे पुन्हा आवृत्ती विचारणे आलेच!

प्रतिसाद १:
वगळायचे कशाला? हव्या त्या फीचरांची पूर्ण यादी असलेली स्वतःची एमकेई२एफएस डॉट कॉन्फ (फॉरमॅट करणाऱ्या साधनाची सेटिंग फाइल) ठेवावी आणि एमकेई२एफएस_कॉन्फिग या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलने तिच्याकडे बोट दाखवावे. फॉरमॅट झाल्यावर, फाइल सिस्टिमची माहिती दाखवणाऱ्या डंपई२एफएसमधील फीचरांची ओळ अपेक्षित यादीशी ताडून पाहावी आणि एखादे फीचर जास्तीचे दिसले, तर डेटा चढवण्यापूर्वीच थांबावे. आपल्या एसएफडिस्कचेही तेच: सेक्टरमध्ये (डिस्कच्या सर्वांत लहान एककात) दिलेले आकार दोन्ही पिढ्यांना समजतात, आणि टेबल पुन्हा वाचायला लावणारे ब्लॉकडेव्ह जुन्या यंत्रांवरही होतेच.

प्रतिसाद २:
एक भर. आकार सेक्टरमध्ये देताना एका सेक्टरमध्ये किती बाइट, हे डिस्कलाच विचारावे. ४०९६ बाइटच्या सेक्टरवर ५१२चा हिशेब आठपट चुकतो आणि त्यात आवृत्तीचा काहीच दोष नसतो.

धागाकर्ता:
लिहिण्यापुरते मान्य. मात्र एसएफडिस्कच्या यादीतले रकाने दोन पिढ्यांत वेगळे आहेत, आणि ती यादी वाचणाऱ्या माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये आवृत्तीची तपासणी मी तूर्त राहू देणार आहे.